असानीची हाक

असानीने कुऱ्हाड खांद्यावरून उतरवली, दांडा जमिनीवर टेकवला आणि मान हलवली.

"तो नाय म्हणता," बाबलकाका म्हणाले.

"का? आत्ता तर अर्धा तास छान हाका देत होता."

"त्यो पाखराच्यो हाको. आता तू तेका स्वतःचा नाव घेऊन वरडूक सांगतंस. तसा वरडायचा नसता म्हणता."

मी माईक खाली केला. सकाळचे साडेनऊ वाजले होते, आणि तिथल्या ऑक्टोबरच्या उन्हात साडेनऊनंतर माणसाचं डोकं चालत नाही. माझं तर मुळातच लवकर तापतं. दोन वर्षं अर्ज करून मिळवलेली परवानगी, पावसाआधीचे उरलेले जेमतेम पाच आठवडे, आणि इथे हा माणूस स्वतःचं नाव घ्यायला नवरीसारखा लाजत होता.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मोझांबिकच्या उत्तरेला, जिथे रस्ता संपून नुसती चाकोरी उरते अशा एका रानात आमचा तळ होता. आमचा म्हणजे माझा आणि बाबलकाकांचा. काका मूळचे पेडण्याचे. त्यांच्या आजोबांनी कधीकाळी किनाऱ्यावरच्या गावात दुकान थाटलं होतं. दुकान बुडालं, माणसं तिथेच राहिली. काका माझे ड्रायव्हर, आचारी आणि दुभाषे. पोर्तुगीज, स्वाहिली, गावची याओ भाषा, सगळं त्यांना यायचं. माझ्याशी मात्र ते आजीकडून उचललेल्या बोलीतच बोलायचे, आणि परतवाड्यात वाढलेल्या माझ्या कानाला ती बोली कळायला पहिला महिना गेला.

मी अभ्यास करत होते एका पक्ष्याचा. चिमणीहून थोडा मोठा, मातकट, बघणाऱ्याने दुसऱ्यांदा मान वळवू नये असा. पुस्तकात त्याला मधदर्शक म्हणतात, मी वाटाड्या म्हणायचे. त्याला मेण खायचं असतं, पण पोळं फोडता येत नाही. माणसाला मध हवा असतो, पण उंच झाडाच्या ढोलीत पोळं कुठे आहे हे कळत नाही. म्हणून वाटाड्या माणसाजवळ येतो, काडेपेटी खुळखुळवावी तसा कटकट आवाज करतो, आणि या झाडावरून त्या झाडावर उडत थेट पोळ्यापाशी नेतो. माणूस धूर करतो, मध काढतो आणि मेणाचा वाटा पानावर ठेवून घरी जातो. कोणी कोणाला फसवत नाही. मेळघाटात मी कोरकूंबरोबर आग्या मोहोळं काढताना पाहिली होती, पण रानातलं पाखरू स्वतःहून बोलवायला येतं हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खाली बसून रडले होते, हे खरं आहे.

वाटाड्याला बोलवायची गावाची एक हाक होती. ओठांनी थरथरता आवाज काढायचा आणि शेवटी पोटातून हुंकार द्यायचा. ब्र्र्र्र-हम्. बापाकडून मुलाने शिकायची. असानीचा त्यात हात धरणारा कोणी नव्हता. पंचेचाळिशीचा, काटकुळा, सदा कोणाची तरी चेष्टा करणारा माणूस. मी मधमाश्यांना घाबरून तोंडाला जाळी बांधायचे तर हा तसाच दोरीवर चढून माझ्याकडे बघून जाळी सारखी करण्याची नक्कल करायचा.

माझा प्रश्न साधा होता. वाटाड्याला ही हाक समजते, की माणसाचा कसलाही आवाज ऐकून तो येतो? म्हणून तीन आवाज लागत होते. असानीची हाक, त्याच गळ्यातून निघालेलं दुसरं काहीही, आणि एखाद्या होल्याचं घुमणं. ते स्पीकरवर लावत ठरलेल्या वाटेने चालायचं आणि कोणत्या आवाजाला पाखरू येतं ते मोजायचं. हाक झाली होती. होला झाला होता. राहिलं होतं ते "दुसरं काहीही".

"मग 'पाणी' म्हण, 'झाड' म्हण, काहीही म्हण," मी म्हणाले. पण पाणी आणि झाड तो पुटपुटल्यासारखं म्हणत होता. माणूस ओरडायचं तेच ओरडतो. मला हाकेच्याच पट्टीतला आवाज हवा होता, आणि नाव कसं, कोणालाही मोठ्याने घेता येतं असा माझा हिशोब.

"नावच घ्यायला सांगा. त्यात काय अडचण आहे?"

काकांनी विचारलं. असानी बराच वेळ बोलला, हातवारे करून.

"रानात वाट चुकली, पडलो, जनावरान गाठल्यान, तर माणूस आपला नाव वरडता. म्हणजे आयकणाऱ्याक कळता कोणाक शोधूचा हा तां. उगाच कोण वरडत नाय. वरडलो तर धावूक लागता."

"त्यांना म्हणावं, ही बाई परदेशातली आहे, तिला माफ करा. तीन वेळा फक्त."

असानी हसला. त्याला नाही म्हणता यायचं नाही, हे मला ठाऊक होतं आणि मी त्याचाच फायदा घेतला. त्याने छाती भरून घेतली आणि ओरडला, "असानीऽऽ!" शेवटच्या 'नी'चा स्वर लांबत टेकड्यांपर्यंत गेला. तीनदा. रेकॉर्डरचे दिवे लुकलुकले, सुरेख रेकॉर्डिंग झालं.

तेवढ्यात झोपड्यांच्या बाजूने एक बाई धावत आली. तिच्या हातात सूप तसंच होतं आणि त्यातली ज्वारी वाटभर सांडली होती. ती झैनाबो, असानीची बायको. नवरा धडधाकट उभा दिसला तशी ती थांबली, धापा टाकत त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग सुपानेच त्याच्या दंडावर एक दिली. सगळे हसले. मीही हसले. काका तेवढे हसले नाहीत, पण ते कमीच हसायचे.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी तो मंगळवार आला.

पहाटे काकांनी मला पूर्वेच्या टेकाडांच्या पायथ्याशी सोडलं आणि ते पाण्याची पिंपं भरायला नदीवर गेले. आमचा तळ गावापासून कोसभर लांब होता, त्यामुळे गावात आदल्या संध्याकाळी काय झालं ते आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. मी पाठीवर स्पीकर अडकवला, कानाला हेडफोन लावले, गळ्यात वही आणि वाऱ्याचं यंत्र. प्रत्येक चाचणीला वेळ, वारा, आवाज कोणता, पाखरू आलं की नाही, असं लिहायचं. उजाडताना दूर कुठेतरी काळे धनेश जमिनीवर चालत घुमत होते. नदीकडून मासे धरणाऱ्या गरुडाची किंकाळी आली. करड्या रंगाचा एक तुरेवाला पक्षी तिथे असतो, माणूस दिसला की ओरडून सगळ्या रानाला सांगतो. गोऱ्या लोकांना तो 'चालते व्हा' म्हणतोय असं वाटायचं, मला तो सरळ वऱ्हाडीत 'जाऽय, जाऽय' म्हणताना ऐकू यायचा. त्या सकाळी तो माझ्या डोक्यावरून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर येत राहिला.

आवाजांचा क्रम मी रोज चिठ्ठ्या टाकून ठरवायचे; त्या दिवशी पहिली चिठ्ठी निघाली होती नावाची. मी बटण दाबलं. असानीऽऽ. थोडं चालायचं, पुन्हा. असानीऽऽ. मग हाकेची पाळी. ब्र्र्र्र-हम्. हाकेला वाटाड्या आला. समोरच्या फांदीवर बसून शेपूट पसरून कटकट करू लागला, उडाला, मागे वळून पाहू लागला. त्याच्यामागे जायचं नाही हा आमचा नियम होता. मी त्याची नोंद केली आणि पुढे निघाले. त्याने बराच वेळ माझी वाट पाहिली असावी. अकरापर्यंत मी त्या टेकाडांवरून दोन कोस चालले, आणि असानीचा आवाज माझ्या पाठीवरून रानभर फिरला.

काका मला घेऊन तळावर आले तेव्हा सावलीत झैनाबो आणि दोन बायका बसल्या होत्या. झैनाबो उठली. तिच्या तोंडावर उपास सोडल्यासारखं हसू होतं. ती काकांशी भराभरा बोलली आणि काका जागच्या जागी खिळले.

"असानी काल सकाळी गेलो तो अजून घराक येवक नाय. काल रातभर हेंका झोप नाय. पण आता सापडात म्हणता. आज सकाळी हेणी आयकलो तेका."

"ऐकला?"

"ओढ्यातसून शोधीत होती. टेकडीवरसून तेणी नाव घेतल्यान. मगे पाखराची हाक. परत नाव. म्हणता, तो पुढे पुढे चलता हा. वाट चुकलो हा, पण पाय धड हत. सहा बापये तिकडे धावलेत."

झैनाबोने माझा हात धरला. तिला गाडी हवी होती. टेकाडाला वळसा घालून पलीकडे जायचं, तो तहानलेला असेल. मग तिने मला काहीतरी विचारलं.

"ती इचारता, तू सकाळी तिकडेच होतंस. तुका दिसलो काय?"

मला सगळं त्याच क्षणी समजलं होतं, आज खोटं कशाला बोलू. टेकडीवर असानी नव्हता. टेकडीवर मी होते.

"नाही," मी म्हणाले. "दिसला नाही."

हे खोटं नव्हतं. ते मी स्वतःला अनेकदा समजावलं आहे.

काका झैनाबोला घेऊन गेले आणि मी तळावर एकटी बसले. का सांगितलं नाही? आधी वाटलं, खात्री नाही, खरंच असानीही तिकडेच असेल, मी सांगितलं तर लोक परत फिरतील आणि तो तिथेच राहील. मग वाटलं, गाव चिडेल, परवानगी जाईल, दोन वर्षं पाण्यात. मग त्या सुपातून सांडलेल्या ज्वारीची आठवण आली. मी चहा केला आणि प्यायले नाही. रानात दुपारी पाखरं गप्प असतात. एक होला तेवढा घुमत होता, आणि तो माझ्या तिसऱ्या आवाजातला होला आहे की खरा, हे मला क्षणभर ठरवता येईना.

काका पाण्याचा डबा न्यायला आले तेव्हा तीन वाजून गेले होते.

"मिळाला?"

"खंय. पावलाची खूणसुद्धा नाय. चपलेची एक खूण गावली, ती तुझी."

मग मी सांगितलं. काका गाडीच्या पायरीवर बसले. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"ह्यां तू माका आत्ता सांगतंस?"

मी थंड झालेला चहा जमिनीवर ओतला.

"तीन तास, बाय. तीन तास तीं माणसा उलट्या वाटेन फिरतत." ते उठले. "ती पेटी घे आणि चल. शब्द मी सांगतंय, तोंड तुझा."

टेकाडापलीकडे सहाही जण एका खडकाच्या सावलीत टेकले होते. झैनाबो उभीच होती. मी स्पीकर तिच्यासमोर ठेवला आणि सांगितलं. काकांनी एकेक वाक्य सांगितलं, काही न वाढवता. मला वाटलं होतं कोणीतरी ओरडेल, अंगावर येईल. कोणी आलं नाही. एकाने जमिनीवर थुंकून तोंड फिरवलं.

झैनाबोने विचारलं, "सकाळी मी ऐकलं ते हे होतं?"

"हो."

"मग चालत कोण होतं?"

"मी."

तिने मान डोलावली, एखादा निरोप पोचल्यासारखी. मग ती पुरुषांकडे वळली आणि ओढ्याच्या पश्चिमेकडे हात केला. सगळे उठले. सूर्य मावळायला दोन तास होते आणि ओढा गाठायलाच दीड तास लागला. त्या संध्याकाळी कोणालाही असानीची हाक ऐकू आली नाही.

बुधवारी उजाडताना मीही त्यांच्याबरोबर होते. मला कोणी ये म्हटलं नव्हतं, नको असंही म्हटलं नाही. कोरड्या ओढ्यातून माणसं नाव घेत चालली होती, या वेळी खऱ्या गळ्यांनी, आणि दर हाकेनंतर सगळे थांबून ऐकत होते. करडा पक्षी 'जाऽय' म्हणाला. धनेश घुमले. दुसरं काही नाही.

झैनाबो मध्येच थांबली आणि तिने हात वर केला.

पश्चिमेच्या चढावर वाटाडे ओरडत होते. एक नव्हे, तीन-चार. मला तो आवाज ओळखीचा वाटला आणि मी काकांना म्हणाले, "बोलावताहेत."

झैनाबोने माझ्याकडे पाहिलंही नाही. "हे बोलावणं नाही," ती म्हणाली. "बोलावणारा एकटा असतो आणि पुढे पुढे जातो. ही जागची हलत नाहीत. ही मेणावरून भांडताहेत. पोळं खाली पडलंय."

आणि पोळं पडलंय म्हणजे कोणीतरी ते काढलं होतं. ती पळत सुटली. त्या पक्ष्याचे आवाज मोजायला मी तिथे आले होते.

एका उंच झाडाखाली काळं पडलेलं पोळं फुटून विखुरलं होतं, त्यावर वाटाडे तुटून पडले होते. सालीचा दोर वर अर्ध्यात लोंबत होता. झाडापासून दहा पावलांवर असानी पाठीवर पडला होता. मांडीचं हाड मोडून पाय भलत्याच दिशेला वळला होता, आणि ओठ मधमाश्यांनी सुजले होते. डोळे उघडे होते. आम्हाला पाहून तो हलला नाही, हसला नाही. ओढ्यातली जी वाट काल सकाळी माणसांनी सोडून पूर्वेकडे धाव घेतली होती, ती तिथून हाकेच्याही आत होती. बोलण्याच्या अंतरावर.

त्याला झोळीत घालून गाडीपर्यंत आणलं. दवाखाना चार तासांवर. मागच्या बाजूला झैनाबो त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली, मी काठ्यांमध्ये बांधलेला पाय धरला. काका चालवत होते आणि पाठीमागच्या खिडकीतून बोलत होते.

झैनाबो त्याच्या तोंडात पाणी घालत होती आणि ते गालावरून बाहेर येत होतं. गिळता येत नव्हतं असं नाही. तो गिळत नव्हता. ती रागावली, मग रडली, मग पुन्हा रागावली. शेवटी तो बोलला. अगदी शांतपणे, दुसऱ्या कोणाबद्दल सांगावं तसं. काका ऐकत राहिले. त्यांनी गाडीचा वेग कमी केला.

"काका, काय म्हणतोय तो?"

"म्हणता, पडलो तो दिवस आणि रात आपण वरडत होतंय. पाखरू येय, 'चल' म्हणून कटकट करी, आपणाक उठाक येयना. काल उजेड झालो तसो परत नाव घेऊक लागलंय." काकांनी गिअर बदलला. "आणि मगे समोरच्या टेकडीवरसून आपणच आपणाक आयकाक इलंय."

गाडी एका खड्ड्यातून गेली. असानीचा पाय माझ्या हातात हिसकला, पण तो कण्हला नाही.

"आपण नाव घी, थयसूनय नावच येय. मगे तो थयलो पाखराची हाक देत देत उगवतीक चलाक लागलो. आपलीच हाक. तेवा समाजला म्हणता. आपण मेलंय, आणि थय चलता तो आपलो जीव. मेलेल्यान वरडायचा कित्याक? म्हणून गप रवलंय. मगे ओढ्यात माणसा इली. बायकोचो आवाज आयकलंय. म्हणता, हाक मारलंय असतंय तर ती भियाली असती."

मी पाय धरून बसले होते. झैनाबोने ओल्या फडक्याने त्याचं कपाळ पुसलं आणि माझ्याकडे बघून बोलली. या वेळी काकांनी लगेच सांगितलं.

"म्हणता, माका तो मानायचो नाय. तेका वाटता मी तेचा मडां न्हाणूक इलंय. तू दाखव."

स्पीकर गाडीत आमच्याजवळच पडला होता, दोऱ्या आणि डब्यांमध्ये. मी तो असानीला दिसेल असा धरला आणि आवाज कमी करून बटण दाबलं.

असानीऽऽ.

त्याची मान हलली. डोळे पेटीवर आले. पुन्हा नाव झालं, तिसऱ्यांदा झालं. मग हाक, ब्र्र्र्र-हम्. तो पूर्ण ऐकत राहिला. मग त्याचे सुजलेले ओठ उघडले आणि त्याने पेटीबरोबर हाकेचा तो शेवटचा हुंकार देऊन पाहिला, आपला गळा आपलाच आहे का ते तपासावं तसा. जमला नाही. पण त्याचा श्वास बदलला. त्याने झैनाबोकडे पाहिलं आणि काहीतरी म्हटलं, आणि ती हसता हसता इतकी रडायला लागली की बाटली तिच्या हातातून पडली. मी ती उचलून दिली. असानी पाणी प्यायला. घोट घोट करून अर्धी बाटली प्यायला. मला आठवतं, मी त्याचे घोट मोजत होते.

मग त्याने माझ्याकडे पाहून एक प्रश्न विचारला. त्यात राग नव्हता. त्याला फक्त समजून घ्यायचं होतं, जसं तो माझ्या यंत्रांबद्दल नेहमी विचारायचा.

"तो इचारता," काका म्हणाले, "त्या टेकडीवर तू होतंस, तर तू तेका आयकूक नाय? तोय तेवाच वरडत होतो."

"नाही," मी म्हणाले.

काकांनी सांगितलं. असानीने मान डोलावली. डोळे मिटले आणि दोन-चार शब्द बोलला.

"म्हणता, तेच्यात तिचो दोष नाय. वारो उलटो असतलो."

डांबरी रस्ता लागायच्या आधीच असानी गेला. आतून रक्त जात होतं, असं दवाखान्यात सांगितलं. एक दिवस आधी आणला असता तर, एवढं म्हणून डॉक्टर थांबले. झैनाबोने मला कधी काही विचारलं नाही. मी दोन दिवसांनी तळ उठवला. पुढे माझा निबंध छापून आला आणि बऱ्यापैकी गाजला. वाटाड्याला हाक कळते, हे त्यात आकड्यांनिशी सिद्ध केलं आहे. मंगळवारची सकाळ त्यात धरलेली नाही.

ती न धरण्याचं कारण वहीत आहे. आजवर मी ते कोणाला दाखवलेलं नाही, काकांनाही नाही. अक्षर माझंच आहे, नीट, घाई नसलेलं. सहा वाजून दहा मिनिटं. आवाज: नाव. वारा मंद, पश्चिमेकडून. ओढ्यापलीकडून प्रतिध्वनी येतो आहे, स्पीकर बंद केल्यावरही दोनदा आला. चाचणी बिघडली. नोंद बाद.